गजकेसरीचा टांगा

तुम्ही खोटं बोललात. चुकलात, असं म्हणून तुम्हाला सोडता येणार नाही. चुकणारा माणूस निदान चाचपडत तरी असतो. तुम्ही सांगलीच्या त्या गार फरशीच्या माडीवर, लोडाला टेकून, पान जुळवता जुळवता एका बाईचं बाळंतपण घड्याळाला बांधलंत आणि पुढच्या गिऱ्हाइकाला "बसा" म्हणालात. तुमचं नाव इथं लिहायचं नाही. लिहिलं तर तुमच्या पंचांगाचा खप वाढेल. शिवाय त्याची गरजही नाही. कृष्णाकाठी तुम्हाला ओळखत नाही असा माणूस विरळा, आणि ओळखणाऱ्यांतल्या निम्म्यांच्या देवघरात तुमचा फोटो आहे. नाव राहू द्या. घडलं काय ते मात्र चारचौघांत सांगायलाच हवं, कारण तुमच्या माडीवर ते कुणी बोलू देत नाही.

जालिंदर साताऱ्यात एका सरकारी कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर कारकून होता. आलेल्या कागदावर शिक्का मारायचा, गेलेल्या कागदावर शिक्का मारायचा. कागद यायचे, जायचे. जालिंदर मात्र त्याच खुर्चीत. वरच्या जागेची वेळ आली की कुणीतरी मागून आलेला पोरगा पुढं जायचा, आणि त्याच्या बढतीच्या हुकमावर जावकचा शिक्का जालिंदरनंच मारायचा. तोही तो नीट मारी, तिरका पडू देत नसे. भावकीतला पहिला मॅट्रिक. गावाकडं गेला की लोक अजून "सायेब" म्हणत, आणि तो घाईघाईनं पीकपाण्याचं विचारू लागे.

आपल्याच वाट्याला हे का, हे विचारायला तो तुमच्याकडं आला. तुम्ही त्याची पत्रिका हातात धरलीत, लांब केलीत, जवळ घेतलीत आणि म्हणालात, "केमद्रुम योग. चंद्राच्या मागं कोणी नाही, पुढं कोणी नाही. असा माणूस राजाच्या पोटी जन्मला तरी भीक मागेल."

"मी कारकून आहे, महाराज," जालिंदर म्हणाला.

"मी तेच म्हणतोय."

बाहेर बसलेली माणसं हसली. जालिंदरही हसला, कारण हसलं नाही तर लागलंय हे कळतं. मग जाता जाता त्यानं सांगितलं की बायको पोटुशी आहे, दिवस वैशाखात भरतील. तेव्हा तुमचे डोळे लकाकले. तुम्ही बोटांची पेरं मोजलीत. हे सदुसष्ट साल. गुरू कर्केत, उच्चीचा, असा बारा वर्षांनी येतो. त्याच्या केंद्रात, म्हणजे त्याच्यापासून पहिल्या, चौथ्या, सातव्या नाहीतर दहाव्या राशीत, चंद्र आला की गजकेसरी योग. आणि जन्माच्या क्षणी पूर्वेला कर्क रासच उगवत असेल, म्हणजे कर्क लग्न असेल, तर गुरू ऐन लग्नात आणि हंस योग वर. वैशाखातला एक दिवस तुम्ही काढून दिलात. त्या दिवशी सकाळीच चंद्र तुळेत शिरतो आणि ऊन चढल्यावर कर्क लग्न लागतं, ते दोनेक तास टिकतं. "एवढी वेळ साधा. पोरगा राज्य करील."

"साधायची कशी?"

"प्रयत्नानं," तुम्ही म्हणालात, आणि पानाचा विडा गालात गेला.

या एका शब्दावर जालिंदरनं कंबर बांधली. आजवर त्यानं कशासाठी प्रयत्न केला नव्हता असं नाही, पण नुसत्या प्रयत्नानं साधतं असं कुणी सांगितलं नव्हतं.

पहिला प्रयत्न रजेचा. त्यानं दोन महिने आधीच त्या दिवसाच्या किरकोळ रजेचा अर्ज टाकला. कारण, पत्नीची प्रसूती. हेडक्लार्कनं चष्मा कपाळावर चढवला. "त्याच दिवशी होणार हे कशावरून?"

"ग्रहमान आहे, साहेब."

हेडक्लार्कनं समासात लिहिलं, 'ग्रहमानाचा दाखला जोडावा.' असा दाखला कोणत्या नमुन्यात असतो, त्यावर सही मामलेदाराची लागते की सरपंचाची, याचा कचेरीत दोन दिवस खल झाला. तिसऱ्या दिवशी हेडक्लार्कनं जालिंदरला आत बोलावलं, दार लोटलं आणि टेबलाखालून स्वतःचा तळहात पुढं केला. "तुम्ही सांगलीला जाताच आहात, तर एवढं विचारून या. आमची बदली कोकणात तर होत नाही ना?" रजा मंजूर झाली.

दुसरा प्रयत्न दवाखान्याचा. नाव घालायला गेला तेव्हा नर्सबाईंनी अंदाजे तारीख विचारली. जालिंदरनं तारीख सांगितली, आणि वेळही सांगितली. नर्सबाईंनी लेखणी खाली ठेवली. "इथं पोरं होतात, दादा. एस.टी. सुटत नाही."

हे त्याला झोंबलं. दोन दिवस तो घरात सगळ्यांना सांगत होता, शिकलेल्या बाया अशाच उद्धट असतात म्हणून.

तिसरा प्रयत्न घड्याळाचा. जालिंदरचं घड्याळ चाले, पण आपल्या मर्जीनं. शेजारी नाथाजी हवालदार होते, पलटणीतून पेन्शनीवर आलेले. त्यांच्या मनगटावर पलटणीतलं घड्याळ होतं आणि ते रोज सकाळी रेडिओवरच्या वेळ सांगणाऱ्या पिपाण्यांना लावत. "टाइम म्हंजी टाइम," नाथाजी म्हणाले. "ऑपरेशनची जिम्मेवारी माझी. जालिंदर, तू नुस्ता जवान म्हणून ऱ्हा."

मग अख्ख्या आळीत एक वाद पेटला. जन्म धरायचा कधी? डोकं दिसलं तेव्हा, का सगळं मूल बाहेर आलं तेव्हा? जालिंदरची आई बनुबाई म्हणाली, नाळ कापली की जन्म. पलीकडच्या बिऱ्हाडातल्या आक्काताई म्हणाल्या, "आवं, रडल्याबिगर जन्म कसला? माझा थोरला नाळ कापल्यावर घटकाभरानं रडला, मग तवर काय त्यो जन्मलाच न्हवता?" यावर बनुबाईनं तोंड फिरवलं, कारण आक्काताईचा थोरला तेव्हा दारू पिऊन सोप्यातच पडला होता आणि उदाहरण दोन्ही बाजूंना लागू होत होतं. शेवटी तुम्हाला कार्ड गेलं. तुमचं उत्तर आलं, 'प्रथम रुदन ग्राह्य.' झालं. हायकोर्टाचा निकाल लागल्यासारखी आळी गप्प झाली.

या सगळ्यात ज्या बाईच्या पोटात हे राज्य वाढत होतं तिचं मत कुणी घेतलं नव्हतं. अंजना उंब्रजची. सातवी पास, बोलणं कमी, हात सदा कामात. एकदा भाकरी थापता थापता तिनं मान वर न करताच विचारलं, "आवं, पोटातल्याला इचारलं का? त्याला जमतंय का त्या येळंला?"

"थट्टा करू नको," जालिंदर म्हणाला. "माझ्यासारखं जिणं त्याच्या वाट्याला यायला नको. शिक्के मारत बसायला नको."

"शिक्के मारून भाकरी मिळतीया की."

"भाकरी कुत्र्यालाही मिळते."

अंजनानं भाकरी तव्यावर टाकली. तिला जे म्हणायचं होतं ते तिथंच भाजून निघालं.

आणि मग तो दिवस आला, आणि नेमक्या त्याच दिवशी सकाळी, चुलीत जाळ घालताना, अंजनाच्या पोटात पहिली कळ आली. जालिंदर रडायचाच बाकी राहिला. आयुष्यात पहिल्यांदा एखादी गोष्ट ठरल्या दिवशी घडत होती. बनुबाईनं देवापुढं साखर ठेवली. नाथाजींनी रेडिओ लावला, घड्याळ लावलं, मिशा सारख्या केल्या. "चंद्र तुळेत गेला," त्यांनी अंगणातून वर्दी दिली, जणू चंद्र त्यांच्या हुकमानं हलत होता. "आता फकस्त लग्न यायचंय. तवर दम धरा."

बनुबाई म्हणाली, "पहिलटकरीण हाय. लांबंलच."

पण लांबेना. ऊन भिंतीवरून खाली उतरायच्या आत कळा जवळजवळ येऊ लागल्या. आक्काताई आल्या, अंजनाच्या पोटावर हात ठेवला आणि बाहेर येऊन जालिंदरला म्हणाल्या, "टांगा आण. मुहूर्त-बिहूर्त राहू दे." जालिंदरनं चहा मागितला. चहा प्याला. मग धोतर नेसलं, मग बदलून पँट घातली. माणूस वेळ कसा काढतो हे सरकारी नोकराला शिकवावं लागत नाही. शेवटी आक्काताईच जाऊन सिद्धू टांगेवाल्याला घेऊन आल्या.

अंजनाला मागं निजवली. बनुबाई तिच्या उशाशी. पुढं सिद्धूशेजारी नाथाजी, मनगट छातीशी धरून. जालिंदर पायरीवर लोंबकळत. टांगा मंगळवार पेठेतून निघाला, राजवाड्यावरून मोती चौकात आला, तिथून पोवई नाक्याकडं उतरला. दवाखान्याचा फाटा समोर दिसला तसं नाथाजींनी घड्याळ बघितलं आणि हात वर केला.

"गड्या, टाइम न्हाई झाला. अजून मिथुन चालू हाय. आत्ता पोचलो तर डाक्टरीण बाई मिथुनातच मोकळी करंल. त्यांचं काय, त्यांना काढून टाकायचं असतंय."

सिद्धूनं लगाम ओढला. "मालक, वळवू का?"

हा प्रश्न जालिंदरला विचारला होता. त्यानं मागं बघितलं. अंजनाचे डोळे मिटलेले होते, पदराचा बोळा दातांत होता. त्यानं पुढं बघितलं. पुढं घोड्याचे कान होते, आणि कानांच्या पलीकडं, त्याला खरंच दिसत होतं, एक मोठी खुर्ची होती, तिच्यात त्याचा मुलगा बसला होता आणि हेडक्लार्क हात जोडून उभा होता.

"सरळ चल," तो म्हणाला.

तर महाराज, तुमचा गजकेसरी योग असा साताऱ्यातून टांग्यातून निघाला. पोवई नाक्यावरून खाली स्टँडाकडं, स्टँडावरून सदर बझार, सदर बझारातून परत वर. ओळखीची माणसं भेटत होती. कुणी म्हणे, "काय जालिंदरराव, पाव्हण्यांना सातारा दाखवताय?" नाक्यावर सायकलवरून हेडक्लार्क आडवे आले. एक पाय जमिनीला टेकवून म्हणाले, "प्रसूतीची रजा घेतलीत आणि टांग्यातून हवा खाताय?" जालिंदरनं मागं बोट दाखवलं. त्यांनी चादरीखालची बाई बघितली, मान हलवली आणि विचारलं, "माझ्या बदलीचं काय म्हणाले महाराज?"

टांगा पुन्हा मोती चौकात आला. पेढ्याच्या दुकानाशी बनुबाई म्हणाली, "येळ हायच तर पेढं घे की. मागनं धावाधाव नको." आणि जालिंदर उतरला. हो, उतरला. कंदी पेढे ताजे आहेत का विचारलं. बांधून घेतले. दुकानदारानं चवीला एक हातावर ठेवला तो खाल्लाही. पाठीमागं टांग्यात अंजनाच्या तोंडून एक आवाज निघाला. गुरं हंबरतात तसा नव्हे. दोर ताणून ताणून तुटायच्या आधी करकरतो तसा.

"मालक," सिद्धू म्हणाला, "लौकर काय ते बघा. गादी कालच भरून आणलीया."

दवाखान्याचा फाटा दुसऱ्यांदा आला आणि गेला. अंजनानं डोळे उघडले. "आवं, दवाखाना मागं गेला."

"येतोय परत. थोडा दम धर."

"त्यो येईल. ह्यो थांबत न्हाई."

"मांड्या आवळून धर, बये," बनुबाई म्हणाली. "राजा घिऊन चाललीस. जीव गेला तरी सोडू नगंस."

आणि तिनं धरलं. हे नीट ऐका, महाराज. ती ओरडली नाही, टांग्यातून उडी टाकली नाही, नवऱ्याच्या थोबाडीत मारली नाही. सासूनं सांगितलं, नवऱ्यानं सांगितलं, पलटणीतल्या माणसानं घड्याळ बघून सांगितलं, म्हणून तिनं आपल्या पोरालाच आत अडवून धरलं. आपल्याकडं पोरींना लहानपणापासून शिकवतात ते एवढंच. धरून ठेवायचं. भूक धरून ठेवायची, तोंड धरून ठेवायचं. ती पहिल्या नंबरानं पास झाली.

"लागलं," नाथाजी म्हणाले. "कर्क लागलं. सिद्धू, डबल मार्च."

घोडं सुटलं. दवाखान्याच्या दारात अंजनाला उतरवताना तिला पाय नव्हतेच म्हणायचं. तिला आत नेली. दार बंद झालं. व्हरांड्यात नाथाजी मनगट डोळ्यांसमोर धरून उभे, बनुबाई माळ ओढत बसलेली, जालिंदरच्या मांडीवर पेढ्यांचा पुडा.

मूल लगेच झालं. आतून नर्सबाईंचा आवाज आला, डॉक्टरीणबाईंचा आला, भांडी वाजली, कुणीतरी पळत गेलं. मुलाचा आवाज आला नाही.

"रडल्याबिगर टाइम लिहू कसा?" नाथाजी कुजबुजले. त्यांचा हात खाली आला नाही. बनुबाईची माळ थांबली. जालिंदरला तेव्हा काय वाटलं असेल? सांगून टाकू या. त्याला वाटलं, लग्न संपायला अजून अवकाश आहे, रडेल तोवर. बापाच्या मनात पहिल्यांदा आलं ते हे. पुढं कितीतरी दिवस तो झोपेतून दचकून उठे तो यासाठीच.

खूप वेळानं आत मांजराच्या पिलासारखं काहीतरी चिरकलं. नाथाजींनी वेळ टिपली. कर्क लग्न. हंस योग, गजकेसरी योग. आणि मुलगा.

डॉक्टरीणबाई बाहेर आल्या तेव्हा जालिंदर पुडा सोडत होता. त्यांनी पेढा घेतला नाही. "कळा कधीपासून होत्या?"

"सकाळपासून."

"मग इतका वेळ कुठं होता?"

"वाटेत."

"घर कुठं तुमचं?"

"मंगळवार पेठेत."

"मंगळवार पेठ इतकी लांब कधी गेली?" बाई म्हणाल्या. "पोर अडकून गुदमरलं होतं. वाचलंय. पण पुढं काय होईल ते आत्ता सांगता येणार नाही."

जालिंदर मनात म्हणाला, ते आम्हाला आधीच सांगितलंय.

तो थेट तारऑफिसात गेला. तुम्हाला तार करायची होती, 'हंस गजकेसरी साधला.' तारबाबूनं ती दोनदा वाचली. नुकत्याच दोन लढाया होऊन गेल्या होत्या, सरकारी माणसं सावध होती. "ही कसली खुणेची भाषा? हंस कोण?" जालिंदर समजावू लागला. मागं रांग वाढली. कुणी म्हणालं, सर्कशीतला असेल. अखेर तारबाबूच्या समाधानासाठी 'मुलगा झाला' एवढंच लिहावं लागलं, आणि आयुष्यातली एकमेव मोठी बातमीसुद्धा आपल्याला धड पाठवता येत नाही म्हणून जालिंदर चिडून घरी आला.

नाव 'रा' वरून ठेवायचं निघालं. राजाराम ठेवलं. बारसं जोरात झालं.

दसरा आला, दिवाळी आली. आळीतली बरोबरीची पोरं पालथी पडू लागली, रांगू लागली. राजाराम जिथं ठेवावा तिथं राही. मान धरीना. डावी मूठ उघडेना. आक्काताई येता-जाता ती मूठ उघडून बघायच्या. बनुबाई म्हणे, "मोठी माणसं उशिरा उठत्यात." नाथाजी म्हणाले, आमच्या पलटणीत एक सुभेदार होते, ते पाच वर्षांचे होईतो बोलले नव्हते, पुढं त्यांना बोलायला लागलं की थांबवावं लागे. जालिंदरनं तुम्हाला कार्ड टाकलं. तुमचं उत्तर आलं, 'वटवृक्ष सावकाश वाढतो.' डिसेंबरात कोयनेकडची भुई हलली, साताऱ्यात भिंतींना तडे गेले, सगळी आळी मैदानात कांबळी टाकून राहिली. तुमच्या पंचांगात त्या दिवसापुढं 'शुभ दिवस' छापलं होतं, हे जालिंदरनं तिथं थंडीत बसल्या बसल्या वाचलं. शेजारी अंजना पोराची मान आपल्या कोपरात धरून बसली होती. ती मान तिनं टांग्यातून उतरल्यापासून खाली ठेवलीच नव्हती, असं म्हटलं तरी चालेल.

आणि पाडव्याला तुमचं नवं पंचांग आलं. पहिल्याच पानांत चौकटीत कुंडली. 'सातारा येथील एक भाग्यवान जातक. आमच्या मार्गदर्शनाने साधलेला हंस-गजकेसरी योग. चतुर्थात चंद्र, मातृसुख पूर्ण. जातक भूपतितुल्य होईल.' भूपतितुल्य. जातक तेव्हा अंजनाच्या मांडीवर होता आणि ती त्याला बोटानं पेज भरवत होती, कारण चमच्यानं त्याला ठसका लागे.

लोक दर्शनाला यायला लागले. कुठून कुठून, वाईहून, कराडहून. दारात चपलांचा ढीग. पोराकडं बघत, मग एकमेकांकडं बघत, आणि पाया पडून मुकाट्यानं जात. एका बाईनं नारळ ठेवला. अंजनानं तो तिच्या ओटीत परत घातला. "ह्यो देव न्हाई," ती म्हणाली, "आन् ह्यो राजा बी न्हाई. ह्यो माझा पोरगा हाय. ऊन लागतंय त्याला, जरा सरका."

त्या रात्री तिनं जालिंदरला सांगितलं, "उद्या सांगलीला जायचं. तिघांनी."

साताऱ्याच्या स्टँडवर गाडीची वाट बघताना जालिंदरनं तुमचंच पंचांग उघडलं. गुरूच्या केंद्रात चंद्र म्हणजे गजकेसरी. केंद्रं चार. राशी बारा. चंद्र सगळ्या राशींतून महिन्यात एक फेरी मारतो. मॅट्रिक झालेल्या माणसाला एवढा भागाकार येतो, पण भीतीनं आजवर कधी केला नव्हता. दर तीन माणसांत एकाचा गजकेसरी. त्यानं मान वर केली. हमाल होते, शेंगावाला होता, खांबाला टेकून झोपलेला भिकारी होता, शिट्टी फुंकून घसा बसलेला कंट्रोलर होता. दर तिसरा माणूस हत्तीवरचा सिंह. आणि सगळे उंब्रजच्या गाडीत जागा मिळेना म्हणून खिडकीतून टॉवेल टाकत होते.

तुमच्या माडीवर गर्दी होती. भिंतीवर काचेत तीच कुंडली, मोठी करून लावलेली. अंजनानं कुणाला न विचारता पोराला तुमच्या गादीवर ठेवलं. त्याची लाळ तुमच्या पोथीवर पडली तसे तुम्ही दचकून मागं सरलात.

"हे काय? कुणाचं मूल?"

"भिंतीवरचं," ती म्हणाली.

तुम्ही पोराकडं बघितलंत, भिंतीकडं बघितलंत. मग म्हणालात, "वेळ चुकली असणार. घड्याळ कुणाचं होतं?"

"हवालदारांचं. रेडिओला लावलेलं," जालिंदर म्हणाला.

"रेडिओचं काय सांगता." मग तुम्ही डोळे मिटलेत, बोटं मोजलीत आणि सुस्कारा टाकलात. "केतू. चंद्राबरोबर तुळेत केतू आहे. चौथ्या घरात. त्यानं घात केला."

जालिंदरनं पंचांग पुढं धरलं. "महाराज, केतू दीड वर्ष एका राशीत बसतो. तुमच्याच पंचांगात आहे. तुम्ही दिवस काढून दिलात तेव्हा तो कुठं होता? गावाला गेला होता?"

"उद्धटपणा नको. तुमचाच केमद्रुम मुलाला भोवला."

तेव्हा अंजना उठून भिंतीशी गेली. काचेवर बोट ठेवून एकेक घर बघत गेली, पहिलं, दुसरं, तिसरं, शेवटपर्यंत. मग वळली. "ह्यात टांगा कुठल्या घरात हाय?"

माडीवरची दोन-चार माणसं वाकून काचेत बघू लागली.

"नाक्यावनं स्टँडाकडं, स्टँडावनं परत. ती दोन घंटं ह्यात कुठं मांडल्यात? मी धरून ठिवलं ते कुठल्या गिऱ्हानं धरलं?"

तुम्ही उठलात. म्हणालात, स्नानाची वेळ झाली. तुमच्या माणसानं दोघांना दंडाला धरून जिन्याकडं नेलं. पोर अंजनानं आधीच उचललं होतं, त्याची मान कोपरात होती.

जिन्यात एक तरुण जोडपं वर येत होतं. आटपाडीकडची माणसं, पायांवर धूळ. बाईचे दिवस भरत आलेले. पुरुष साताऱ्याला दर्शनाला येऊन गेला होता, त्यानं राजारामला ओळखलं, वाकून त्याच्या पायाला हात लावला आणि म्हणाला, "तुमीच न्हवं का त्ये? आमाला बी येळ काढून देनार हायत. आमची परिस्थिती काय न्हाई, पर पोरगं तरी..."

जालिंदर तिथंच पायरीवर बसला आणि त्यानं त्याला सगळं सांगितलं. टांगा, फाटा, पेढे, सगळं. स्वतःला झाकलं नाही. टांगा त्यानं फिरवला होता, तो त्याच्या डोक्यावर आहे आणि तो मरेपर्यंत उतरायचा नाही. तो गडी शांतपणे ऐकत होता. मग त्याच्या खांद्यावर हात ठेवून समजुतीनं म्हणाला, "घड्याळात फरक पडला आसंल, दादा. आमी गावातनं दोन घड्याळं आणनार हाय."

आणि तो बायकोला हाताला धरून वर गेला. ती जाता जाता वळून अंजनाकडं बघत राहिली.

म्हणून आता विचारायचं ते एवढंच, आणि कार्डावर नको, वटवृक्ष नको, केतू नको. वेळ चुकली असेल तर ती काच भिंतीवरून उतरवा आणि तसं छापा. वेळ बरोबर असेल तर खाली या, त्या पोराला मांडीवर घ्या आणि त्याच्या आईला तोंडावर सांगा की हे राज्य आहे. दोन्हींतलं एक खरं असलंच पाहिजे. आटपाडीच्या त्या बाईचे दिवस भरत आलेत. तिला तुम्ही कुठली वेळ काढून दिलीत, आणि त्या वेळेपर्यंत तिनं काय करायचं सांगितलंत? बोला.